जेवणानंतर साखर उतरणाऱ्यांनी व्यायाम कधी आणि काय खाऊन करावा

तुम्ही कळवलेला तपशील आधी थोडक्यात मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तुमचे वय ३४ आहे, काम बैठे आहे, आईला मधुमेह आहे. दुपारी दीडला पोळी-भाजी, वरण-भात असे पूर्ण जेवण होते. पाच वाजता ऑफिसमध्ये दोन चमचे साखर घातलेला चहा आणि चार मारी बिस्किटे होतात. पावणेसहाला तुम्ही जिममध्ये असता. ट्रेडमिलवर पंधरा-वीस मिनिटे झाली की हात थरथरतात, गार घाम सुटतो, विनाकारण चिडचिड होते, आणि एकदा डोळ्यांसमोर अंधारी आल्यावर ग्लुकोमीटरने ५८ आकडा दाखवला. रविवारी पोहे-जिलेबीचा भरपेट नाश्ता झाला तर दोन-अडीच तासांनी घरी बसल्या जागीही असेच होते. उपाशीपोटी साखर ९२ आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.८ आहे. डॉक्टरांनी रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया, म्हणजे खाल्ल्यानंतर काही तासांनी साखर गरजेपेक्षा खाली उतरण्याचा त्रास, असे निदान सांगितले आहे. ट्रेनर म्हणतो, व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास केळे आणि ग्लुकोजचे पाणी घ्या. घरचे म्हणतात, जिमच बंद कर.

व्यायाम बंद करण्याचे काहीही कारण मला दिसत नाही, उलट तुमच्या प्रकृतीत तो औषधासारखा उपयोगी आहे. ट्रेनरचा सल्ला मात्र तुमच्यासाठी घातक ठरू शकतो. हा सल्ला सद्हेतूने दिला जातो आणि इतरांना तो चालतोही, म्हणून तो तुमच्या बाबतीत का उलटतो हे नीट समजून घ्यावे लागेल.

त्याआधी निदानाविषयी. साखर खरोखर कमी होते असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: कमी साखरेची लक्षणे, त्याच वेळी तपासलेल्या रक्तात कमी साखर, आणि साखर वर येताच लक्षणे जाणे. अमेरिकन शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३८ साली मांडलेला हा त्रिसूत्री निकष आजही वापरात आहे. मधुमेह नसलेल्या व्यक्तीत प्रयोगशाळेच्या तपासणीत साखर ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर ती कमी मानतात. तुमचा ५८ हा आकडा घरगुती ग्लुकोमीटरचा आहे, आणि १०० च्या खालच्या आकड्यांत या यंत्रांना १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक मान्य असतो. म्हणजे ५८ दिसत असताना खरी साखर ४५ असू शकते, तशीच ७० देखील. बोटाला केळ्याचा किंवा बिस्किटाचा गोड अंश लागलेला असेल तर आकडा खोटाच वर जातो, म्हणून जिममध्येही हात धुऊन, पुसूनच चाचणी करावी. यंत्राच्या आकड्यावरून वाद घालण्यापेक्षा शक्य असेल तर त्रास होत असतानाच शिरेतले रक्त प्रयोगशाळेत द्यावे, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेहमीसारखे मिश्र जेवण देऊन पुढचे पाच तास साखर मोजण्याची चाचणी करून घ्यावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती चाचणी या कामासाठी योग्य नाही. पूर्ण निरोगी माणसांपैकीही काहींची साखर त्या चाचणीत चौथ्या-पाचव्या तासाला बरीच खाली जाते आणि त्यांच्या माथी नाहक एक आजार येतो.

अशी लक्षणे असणाऱ्या अनेकांची साखर त्या क्षणी अगदी व्यवस्थित असते. हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइड वाढलेले असणे, रक्तदाब उतरणे, चिंतेचा झटका येणे किंवा रिकाम्या पोटी दोन कप कडक कॉफी पोटात जाणे, यांपैकी कशानेही हुबेहूब तशीच थरथर होते. आपल्याकडच्या बायकांचे हिमोग्लोबिन हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तुमच्या अहवालांत ते कुठे दिसले नाही, ते तपासून घ्या.

आता संध्याकाळच्या त्या वीस मिनिटांकडे येऊ. प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी फिरणारे ग्लुकोज फार तर ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा असते. तुमच्या चहा-बिस्किटांतून त्याच्या पाचपट, सुमारे २५ ग्रॅम, झपाट्याने पचणारे कर्बोदक पोटात जाते. रक्तातली साखर वर येऊ लागते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. तुमच्या शरीरात, आईचा मधुमेह आणि ५.८ हा आकडा पाहता, इन्सुलिनची पहिली लाट बहुधा थोडी उशिरा येते आणि उशिरा आल्यामुळे गरजेपेक्षा मोठी येते. पावणेसहाला तुम्ही ट्रेडमिलवर चढता तेव्हा रक्तात इन्सुलिन भरपूर असते. नेमक्या त्याच वेळी पायांचे स्नायू आकुंचन पावू लागतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता स्वतःच ग्लुकोज आत ओढून घेतो. साखर अशी दोन वाटांनी रक्तातून जात असते. एरवी व्यायाम सुरू होताच यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज सोडून ही तूट भरून काढते, पण वाढलेले इन्सुलिन यकृताला तेच करू देत नाही. ते चरबीचे विघटनही रोखून धरते, म्हणून स्नायूंना दुसरे इंधन पुरेसे मिळत नाही. परिणामी व्यायामाच्या पंधराव्या ते तिसाव्या मिनिटाला साखर तळ गाठते. तुमची वेळ याच्याशी तंतोतंत जुळते.

गोड खाणे आणि व्यायाम यांतले ३० ते ७५ मिनिटांचे अंतर हे म्हणूनच सर्वांत वाईट अंतर आहे, आणि ट्रेनरने सुचवलेली वेळ नेमकी त्याच पट्ट्यात पडते. धावपटूंमध्येही ही घसरण दिसते. बहुतेकांच्या बाबतीत ती काही मिनिटांत आपोआप सावरते आणि त्यांच्या कामगिरीवर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे ट्रेनरच्या अनुभवात हा सल्ला कधी फसलेला नसेल. तुमचे शरीर त्याच घसरणीत जास्त खोल जाते, एवढाच फरक आहे.

उपाय वेळ बदलण्यात आहे. पाचच्या चहात साखर नको आणि सोबत बिस्किटेही नकोत. त्याऐवजी साडेचार-पाचला मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि वाटीभर ताक, किंवा उकडलेले अंडे, किंवा मोड आलेल्या मटकीची छोटी वाटी घ्या. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके जेमतेम पाच-सहा ग्रॅम, त्यामुळे इन्सुलिनची मोठी लाट उठतच नाही. एवढे करूनही सुरुवातीला धास्ती वाटत असेल, तर अंग गरम करण्याची पहिली पाच-सात मिनिटे झाल्यावर, म्हणजे व्यायाम सुरू झाल्यावर, अर्धे केळे किंवा दोन खजूर खा. तुम्हाला हे उलटे वाटेल, पण त्यामागे कारण आहे: व्यायाम चालू असताना अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीची संप्रेरके स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडू देत नाहीत, म्हणून तेव्हा खाल्लेली साखर थेट कामी येते आणि पुढची घसरण ओढवून घेत नाही. तेच केळे पाच वाजता खाल्ले तर त्रास होतो आणि सहा वाजता खाल्ले तर चालते.

दुपारच्या जेवणाबद्दल फार लिहीत नाही, आहारतज्ज्ञांनी तुम्हाला ते सांगितले असेलच. एवढेच पाहा की आधी कोशिंबीर, उसळ किंवा घट्ट वरण पोटात जावे आणि पोळी-भात मागून यावा. हाच क्रम उलटा केला तर साखरेचे शिखर उंच होते. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांत उठून तितकीच मिनिटे संथपणे चालावे. शतपावलीची आपल्याकडची सवय इथे फार उपयोगाची आहे, फक्त पावले शंभरांवर थांबवू नयेत. साखर चढत असतानाच पायांचे स्नायू तिच्यातला वाटा उचलतात, शिखर बुटके राहते, इन्सुलिन कमी लागते आणि मग तीन तासांनंतरचा खड्डाही उथळ होतो. ऑफिसच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या तरी चालते. याच वेळी जोरात धावणे किंवा जिना चढण्याची शर्यत मात्र नको.

सकाळी उपाशीपोटी व्यायाम करायला तुम्ही घाबरता, असे तुम्ही लिहिले आहे. साखर कमी होण्याचा त्रास असलेले बहुतेक जण असेच समजतात. वास्तविक रात्रभराच्या उपासानंतर रक्तातले इन्सुलिन दिवसभरातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असते, यकृतात पुरेसा साठा शिल्लक असतो, आणि खाल्ल्यावरच साखर उतरणाऱ्या माणसाला हीच वेळ बहुधा सर्वांत निर्धोक असते. पाणी पिऊन ३० ते ४५ मिनिटे झपझप चालणे किंवा योगासने-सूर्यनमस्कार करणे सुरू करा. पहिले काही दिवस आधी आणि नंतर साखर मोजून पाहा, म्हणजे भीती आपोआप जाईल. आणि इथे एक गंभीर सूचना आहे: उपाशीपोटी, पहाटे, जेवण लांबल्यावर किंवा सकाळच्या व्यायामात जर साखर ५५ च्या खाली जात असेल, तर तो त्रास खाण्याने येणारा नाही आणि निदान नव्याने तपासावे लागेल. इन्सुलिन तयार करणारी स्वादुपिंडाची गाठ दुर्मीळ असली तरी ती अशीच समोर येते. घरातल्या मधुमेही व्यक्तीची गोळी चुकून घेतली जाणे हे त्याहून सामान्य कारण आहे. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असते. त्यामुळे क्वचित काही व्यक्तींत इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे तयार होऊन साखर धोकादायक उतरते. तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक गोळीची, पूरक पावडरीचीसुद्धा, यादी डॉक्टरांना दाखवा.

व्यायाम कोणता करावा, या प्रश्नाला मी वेळेइतके महत्त्व देत नाही, तरी एक आग्रह धरतो. आठवड्यातून किमान दोन दिवस वजने उचलण्याचा किंवा स्वतःच्या शरीराचे वजन वापरून करायचा स्नायूंचा व्यायाम हवा. जेवणातली साखर साठवण्याची शरीरातली सर्वांत मोठी कोठी म्हणजे स्नायू. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, मावते, तर स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम. कोठी मोठी असली की तेवढ्याच भातासाठी इन्सुलिन कमी लागते. शिवाय संच आणि विश्रांती अशा टप्प्यांत हा व्यायाम होत असल्याने साखर सलग अर्धा तास धावण्याइतकी झपाट्याने उतरत नाही. म्हणून जिममध्ये आधी ट्रेडमिल आणि मग वजने हा तुमचा क्रम उलटा करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. तुम्हाला तिथे पोहोचायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही. अतितीव्र, धापा टाकायला लावणारे छोटे टप्पे सुरुवातीला टाळा. त्यांत अ‍ॅड्रिनलिनमुळे साखर आधी वर उसळते आणि तासाभराने उतरते, आणि नेमके काय चालले आहे हे तुम्हालाही कळत नाही.

दर रविवारी सिंहगड चढण्याचा तुमचा विचार आहे, त्याबद्दल. जरूर चढा, पण जिलेबीचा नाश्ता करून नाही. निघण्याआधी दीड-दोन तास वेळ असेल तर मुगाचे घावन किंवा भरपूर शेंगदाणे घातलेले थोडेसे पोहे आणि एक अंडे खावे. पहाटे लवकर निघत असाल तर काही न खाता निघालात तरी चालेल. चढायला लागून अर्धा तास झाला की दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे, म्हणजे एखादा खजूर, चिक्कीचा छोटा तुकडा किंवा फुटाणे-मनुका, असे खात राहावे. एकदम भरपूर खाऊ नये. आतकरवाडीच्या वाटेवर लिंबू सरबत मिळते, ते चालताना घोट घोट घेतले तर हरकत नाही. धोका गडावर पोहोचल्यावर असतो. दमून बसलेले असताना भज्यांच्या दोन प्लेटी आणि वर उसाचा रस झाला, की दोन तासांनी उतारावर किंवा परतताना दुचाकीवर पाय लटपटतात. तिथेच पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही मिळते, ते तुमच्यासाठी किती तरी चांगले. मोठ्या श्रमानंतर २४ ते ४८ तास स्नायू इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देत राहतात, त्यामुळे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवण लांबवू नका.

उपवासाचा दिवस वेगळाच असतो. नावाला उपवास, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि गोड रताळ्याचे काप हे एकामागून एक येणारे स्टार्चचे डोंगर आहेत. त्या दिवशी जिम नको असे मी म्हणत नाही. खिचडी खाऊन दोन तासांनी जिम नको, एवढेच म्हणतो. वरी, दाण्याची आमटी आणि दही यांवर भर दिला तर संध्याकाळचे चालणे निभते. मद्याचा संबंध असेल तर तेही स्पष्ट लिहितो: रिकाम्या पोटी गोड शीतपेयात मिसळून घेतलेले मद्य इन्सुलिनची लाट वाढवते आणि यकृताला नवे ग्लुकोज तयार करू देत नाही, व्यायामानंतरच्या संध्याकाळी ते टाळावेच.

इतके सांभाळूनही कधी तरी त्रास होईल, तेव्हा काय करायचे ते ठरलेले असावे. व्यायामात घाम आणि धडधड तर सगळ्यांनाच होते, म्हणून त्यावर विसंबू नका. गार, चिकट घाम, बोटांची थरथर, अचानक चिडचिड, संच मोजताना आकडे चुकणे, पाऊल वाकडे पडणे ही तुमची खरी खूण. लगेच थांबा, जमिनीवर बसा, शक्य असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल पण लक्षणे स्पष्ट असतील, तर १५ ग्रॅम साखर घ्या: तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि गरज असेल तर तेवढेच पुन्हा घ्या. घाबरून ग्लुकोजचा अर्धा डबा संपवलात तर दोन तासांनी तोच खेळ पुन्हा सुरू होतो, म्हणून साखर सावरताच शेंगदाणे, पनीर, अंडे किंवा भाकरी-उसळ असे टिकाऊ काही खा. त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपवा. रक्तातली साखर वर आली तरी लक्ष आणि निर्णयक्षमता पूर्ववत व्हायला आणखी अर्धा-पाऊण तास लागू शकतो, तोवर दुचाकीला हात लावू नका. तुम्ही अर्धवट शुद्धीत असाल तर तोंडात पाणी किंवा साखर कुणी कोंबू नये, थेट रुग्णालयात न्यावे, हे ट्रेनरला आधीच सांगून ठेवा. एकटीने खोल पाण्यात पोहणे आणि घाटात एकटीने सायकल चालवणे, आकडे स्थिर होईपर्यंत थांबवा.

यात एक बारकावा औषध घेणाऱ्यांसाठी आहे. या त्रासावर काही जणांना जेवणाच्या पहिल्या घासासोबत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज दिले जाते. ही औषधे साध्या साखरेचे आतड्यातले विघटन रोखतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांना साखर घालून केलेले सरबत वेळेवर उपयोगी पडत नाही, ग्लुकोजच हवे. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी प्रोप्रानोलोल, अटेनोलोलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा राहतो, आणि अशांनी लक्षणांपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवावा.

वजन कमी करण्यासाठी किंवा अन्य कारणाने ज्यांच्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना वरचे सगळे जसेच्या तसे लागू नाही. त्यांच्यात अन्न आतड्यात धाडकन उतरते, साखर जेवणानंतर एक ते तीन तासांत कोसळते, आणि हा त्रास बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर सुरू होतो. त्यांतल्या ज्यांना जेवल्याबरोबर पोटात मुरडा, धडधड आणि चक्कर येते त्यांनी शतपावली न करता उलट १५ ते ३० मिनिटे पडून राहावे. त्यांचा व्यायाम शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूने ठरवावा.

तुम्ही पुढचे चार ते सहा आठवडे एक वही ठेवा. त्यात काय खाल्ले, किती वाजता, व्यायाम कोणता आणि किती वाजता, त्रास झाला तर कितव्या मिनिटाला, आणि त्या वेळचा आकडा लिहा. दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर परवडत असेल तर दोन आठवड्यांसाठी एकदा लावून पाहण्यासारखा आहे. फक्त तो रक्तातली नव्हे तर पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे व्यायामात पाच-दहा मिनिटे मागे असतो, आणि रात्री त्या कुशीवर झोपल्यास खोटी घसरण दाखवतो. तुमचे ५.८ हे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात मोडते, म्हणून एचबीएवनसी सहा महिन्यांनी पुन्हा करावे आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या बीजाशयांशी व संप्रेरकांशी संबंधित विकाराची तपासणीही त्यासोबत व्हावी. साखर पुन्हा ५५ च्या खाली दिसली, शुद्ध हरपली, बोलणे अडखळले किंवा उपाशीपोटी त्रास झाला, तर सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता वही घेऊन डॉक्टरांकडे जा.